राष्ट्राचे सैन्य आणि धर्मविधी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या येथील जीवनापासून दूरचा वाटेल. आपण ब्रिटनमध्ये नोकरी-व्यवसाय करतो, मुलांची शिक्षणे पाहतो, रविवारी विहारात एकत्र येतो. राष्ट्राच्या सैन्याने धार्मिक विधींत भाग घ्यावा की नाही, या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु सैन्याशी आपल्या समाजाचे जेवढे जुने, जेवढे अभिमानाचे आणि तेवढेच अपमानाचे नाते आहे, तेवढे फार थोड्या समाजांचे असेल. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे फौजेत होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्मच महूच्या लष्करी छावणीत झाला. म्हणून सैन्य आणि धर्म यांच्या संबंधाचा विचार करण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे.

एका अलीकडच्या घटनेपासून आरंभ करतो. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्समधील मेरिन्याक येथे पहिले राफेल विमान भारताच्या संरक्षणमंत्र्यांकडे सुपूर्द करण्यात आले. त्या वेळी विमानाची शस्त्रपूजा झाली. विमानावर ॐ काढण्यात आला, नारळ ठेवण्यात आला आणि चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली. तो दिवस दसऱ्याचा होता. त्याच दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो बांधव अशोक विजयादशमी साजरी करीत होते. शस्त्रांचा विजय सोडून धम्मविजय स्वीकारणाऱ्या सम्राटाच्या स्मरणाचा तो दिवस. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली ती याच तिथीला. एकाच दिवसाचे हे दोन अर्थ भारतात शेजारी शेजारी नांदतात, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला दसऱ्याला शस्त्र पुजायचे आहे त्याने आपल्या घरी खुशाल पुजावे. परंतु ते विमान कोणा एका धर्माच्या लोकांच्या पैशाने विकत घेतलेले नव्हते. त्यात दीक्षाभूमीवर उभ्या असलेल्या माणसाचाही कर होता. मग राष्ट्राच्या नावाने झालेल्या त्या विधीत त्याचे स्थान कोणते? हा आजचा प्रश्न आहे.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. सैनिकाचा धर्म ही एक गोष्ट आहे आणि सैन्याचा धर्म ही दुसरी. सैनिकाला धर्म असू शकतो, नसूही शकतो. घरापासून दूर, मृत्यूच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाला त्याच्या श्रद्धेचा आधार मिळावा, यासाठी सैन्याने सोय करणे हे माणुसकीचे काम आहे. भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक नेमले जातात. अनेक छावण्यांत सर्व धर्म स्थळ असते, एकाच छपराखाली निरनिराळ्या धर्मांची प्रतीके असतात. या व्यवस्थेची चांगली बाजू मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. भारतीय सैन्यात अशी परंपरा आहे की अधिकारी आपल्या जवानांच्या सणांत सहभागी होतो. मुसलमान अधिकारी मंदिरात जवानांच्या पंक्तीत उभा राहतो, हिंदू अधिकारी गुरुद्वाऱ्यात डोके झाकून बसतो. ज्या देशात शेजाऱ्याच्या हातचे पाणी पिण्यावरून माणसे एकमेकांपासून तुटली, त्या देशात ही गोष्ट लहान नाही.

परंतु या परंपरेच्या मुळाशी जो इतिहास आहे, तोही आपण विसरता कामा नये. १८०६ साली वेल्लोर येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांनी बंड केले. कपाळावरील गंध आणि दाढी यांवर बंदी व नव्या तऱ्हेची पगडी ही त्याची तात्कालिक कारणे होती. १८५७ मध्ये काडतुसांच्या चरबीने आग भडकली. या अनुभवांतून ब्रिटिशांनी जो धडा घेतला, तो शिपायाच्या विवेकाचा मान राखण्याचा नव्हता. शिपायाच्या जातीचा आणि जातीच्या आचारांचा मान राखला की शिपाई शांत राहतो, असा तो धडा होता. त्यातून जातवार, धर्मवार पलटणी घट्ट झाल्या, प्रत्येकीचे देव, सण आणि जयघोष ठरले आणि 'लढाऊ जमातीं'चा सिद्धान्त पुढे आला.

या धोरणाची पहिली शिकार कोण झाले? आपण झालो. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर 'नाक' हा प्रत्यय असलेली आपल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत. तरीही १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. महार भित्रे ठरले म्हणून ती बंद झाली नाही. अस्पृश्याच्या शेजारी उभे राहणे, त्याचा हुकूम मानणे वरच्या जातीच्या शिपायाच्या आचारधर्मात बसत नव्हते आणि सरकारने त्या आचारधर्माचा मान राखला. सैन्य ज्या दिवशी धर्माचारांची बूज राखू लागले, त्या दिवशी आम्ही सैन्याबाहेर फेकले गेलो. गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच मोडली गेली. बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे अखंडपणे लावून धरला आणि १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

या रेजिमेंटचा जयघोष आपणांस ठाऊक असेल: 'बोलो हिंदुस्तान की जय!' भारतीय सैन्यातील पुष्कळ रेजिमेंटांच्या जयघोषांत देवदेवतांची नावे आहेत. राजपुताना रायफल्स रामचंद्राचा जय करतात, कुमाऊँ रेजिमेंट कालिकामातेचा, गढवाल रायफल्स बद्रीविशालाचा. त्या जयघोषांनी अनेक वीरांना बळ दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु देवाचे नाव घेतल्यावाचून सैनिकाच्या अंगी धैर्य येत नाही, असे जे म्हणतात, त्यांना महार रेजिमेंटचा इतिहास हे उत्तर आहे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शत्रूशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेला तमिळ अधिकारी, महार रेजिमेंटचे जवान आणि ओठांवर केवळ देशाचे नाव! बाबासाहेबांना अभिप्रेत असलेल्या बंधुतेचे याहून चांगले चित्र मला दुसरे दिसत नाही.

आता आजच्या सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळतो. भारतीय सैन्याच्या एका घोडदळ रेजिमेंटमध्ये, म्हणजे आजच्या रणगाडा पथकात, २०१७ साली एक ख्रिस्ती अधिकारी रुजू झाला. त्याच्या हाताखालील जवान शीख होते. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होता. त्याचे म्हणणे असे की, दर आठवड्याच्या धार्मिक परेडला मी जवानांबरोबर जातो, प्रांगणात आदराने उभा राहतो, परंतु गाभाऱ्यात जाऊन पूजा-आरती करणे माझ्या श्रद्धेत बसत नाही. तेवढ्यापुरती मला सूट असावी. वरिष्ठांनी ती दिली नाही आणि २०२१ साली तो बडतर्फ झाला. ३० मे २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. सैन्यात शिस्त सर्वश्रेष्ठ आहे, नेत्याने जवानांपासून वेगळे राहू नये, अधिकाऱ्याने कायदेशीर हुकुमापेक्षा आपली श्रद्धा वर ठेवली, असा या निर्णयांचा आशय होता.

संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. ३३ व्या कलमाने सैनिकांच्या बाबतीत मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. या दोन कलमांतील ताण खरा आहे. पलटणीतील प्रत्येक जण स्वतःच्या मनाचा राजा झाला तर पलटण उरणार नाही, हेही खरे आहे. कायद्याचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयाचे आहे आणि न्यायालयाचा अवमान करण्याची शिकवण बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली नाही. परंतु त्या अधिकाऱ्याच्या जागी क्षणभर आपल्या घरचा मुलगा उभा करून पाहा. त्याच्या आजोबांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आहेत. हिंदू देवदेवतांची उपासना करणार नाही, हे वचन त्या घराने दिलेले आहे. तो मुलगा सीमेवर प्राण द्यायला तयार आहे, परंतु आरतीचे तबक हातात घ्यायला तयार नाही. अशा मुलाला राष्ट्राने काय सांगावे? 'तुझी निष्ठा अपुरी आहे' असे सांगावे काय? निष्ठा रणांगणावर मोजायची असते. ती गाभाऱ्यात मोजली जाऊ लागली की सैनिकाची परीक्षा घेणारा माणूसच बदलतो.

याच सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली केरळमधील तीन शाळकरी मुलांच्या प्रकरणात एक सुंदर मार्ग दाखविला होता. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, परंतु आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. आदराने उभे राहणाऱ्याने अनादर केलेला नाही, हे त्या निर्णयाचे मर्म होते. शाळा म्हणजे पलटण नव्हे, हे मला कळते. परंतु उपस्थित राहणे आणि उपासना करणे यांतील फरक शाळेइतकाच छावणीतही खरा आहे.

आता आपण धम्माकडे वळू. भगवान बुद्धांच्या काळीही हा प्रश्न होता. संयुत्त निकायात योधाजीव नावाच्या एका लढवय्या प्रमुखाची कथा आहे. रणांगणावर लढता लढता मरणारा योद्धा स्वर्गात जातो, असे आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले, आपले मत काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी दोनदा उत्तर देण्याचे नाकारले. तिसऱ्यांदा त्याने आग्रह धरला तेव्हा त्यांनी सांगितले की, दुसऱ्याला मारण्याच्या विचाराने ज्याचे चित्त मलिन झालेले आहे, त्याला स्वर्गाचे आश्वासन देणे ही मिथ्या दृष्टी होय. तो योद्धा रडू लागला. आपल्या उत्तराने नव्हे, तर पूर्वीच्या आचार्यांनी इतकी वर्षे आपल्याला फसविले म्हणून मी रडतो, असे तो म्हणाला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सैनिकाला जवळ करणाऱ्या तथागतांनी युद्धाला मात्र धर्माची मोहोर दिली नाही.

सैनिक मात्र त्यांच्यापासून दूर नव्हते. वैशालीचा सिंह सेनापती त्यांचा उपासक झाला. त्यानंतरही पूर्वीप्रमाणे निर्ग्रंथांना भिक्षा देत राहा, असे तथागतांनी त्याला सांगितले. भिक्खूंनी कारणावाचून सैन्य पाहायला जाऊ नये, कारणाने जावे लागले तर दोन-तीन रात्रींपेक्षा अधिक मुक्काम करू नये, सैन्याच्या कवायती आणि लढाया पाहू नयेत, असे नियम विनयात आहेत. राजसेवेतील सैनिकाला राजाला न विचारता प्रव्रज्या देऊ नये, हा नियमही बिंबिसाराच्या विनंतीवरून झाला. राज्याचे काम राज्याकडे आणि संघाचे काम संघाकडे, ही रेषा विनयाने अडीच हजार वर्षांपूर्वी आखली. सम्राट अशोकाने तर आपल्या नवव्या शिलालेखात मंगलविधींचाच विचार केला आहे. आजारपणात, विवाहात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ अल्प असते. नोकरचाकरांशी योग्य वागणूक, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम हे धम्ममंगल मात्र मोठे फळ देते, असा त्याचा आशय आहे.

आता एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगितली पाहिजे. काही बांधव म्हणतात, त्यांची आरती होते तर आमचे त्रिशरण-पंचशीलही परेडवर व्हावे. मला हा मार्ग मान्य नाही. बौद्ध म्हणविणाऱ्या देशांचा अनुभव आपल्यासमोर आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानमधील बौद्ध पंथांनी आपल्या सम्राटाच्या युद्धाला साथ दिली. श्रीलंकेत आणि म्यानमारमध्ये भिक्खू फौजेला आशीर्वाद देताना जगाने पाहिले, आणि तेथील तमिळांनी व रोहिंग्यांनी काय सोसले, हेही पाहिले. सैन्याच्या हातात गेलेला धम्म धम्म राहत नाही.

जपानचेच एक प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. युद्धानंतरच्या जपानी संविधानाने राज्याला धार्मिक कार्यापासून दूर राहण्यास सांगितले आहे. १९६८ साली जपानच्या स्वसंरक्षण दलातील एक सैनिक अपघातात मरण पावला. त्याची पत्नी ख्रिस्ती होती. १९७२ साली माजी सैनिकांच्या संघटनेने दलाच्या स्थानिक कार्यालयाच्या मदतीने, तिचा विरोध असताना, यामागुची येथील शिंतो मंदिरात त्याची देव म्हणून स्थापना करविली. तिने न्यायालयात धाव घेतली. खालच्या दोन्ही न्यायालयांत ती जिंकली, परंतु १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात हरली. इतरांच्या धार्मिक कृतीविषयी तिने सहिष्णुता दाखवावी, असे त्या न्यायालयाने तिलाच सुचविले. बंधू-भगिनींनो, सहिष्णुतेचा उपदेश नेहमी एकट्या माणसाला होतो आणि मोठ्या समूहाला होत नाही, ही खूण ओळखायला आपण शिकले पाहिजे. गावकुसाबाहेर हा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे.

ज्या देशात आपण राहतो, त्या ब्रिटनकडेही पाहू. येथे राजा हा चर्चचा प्रमुख आहे आणि सैन्यात चर्च परेडची सक्ती दीर्घकाळ होती. तरीही त्या परेडवर रोमन कॅथलिक आणि ज्यू सैनिकांना रांगेतून बाहेर पडण्याचा हुकूम दिला जात असे. ज्याची श्रद्धा वेगळी, त्याला मान खाली न घालता बाजूला होता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सक्तीही उठली. २००५ पासून येथील सैन्यदलांसाठी बौद्ध, हिंदू, मुस्लिम आणि शीख धर्मगुरू नेमलेले आहेत. अमेरिकेतही सैनिकी अकादमींतील छात्रांवर असलेली चर्चची सक्ती १९७२ साली तेथील अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. या देशांची फौज त्यामुळे कच्ची झाली, असे कोणी म्हणत नाही.

लंडनला व्हाइटहॉलमधील सेनोटाफ आपण सर्वांनी पाहिले आहे. ल्युटेन्सने ते स्मारक रचले तेव्हा त्यावर क्रॉस ठेवला नाही, कारण साम्राज्यासाठी मेलेल्या सैनिकांत सर्व धर्मांचे लोक होते. दर नोव्हेंबरला तेथे प्रार्थना होते, ती ख्रिस्ती पद्धतीची असते. परंतु तिच्या आधीची दोन मिनिटांची शांतता कोणत्याही धर्माची नसते. तीत आस्तिक उभा राहू शकतो, नास्तिक राहू शकतो, बौद्धही राहू शकतो. कोरेगावच्या स्तंभावरही कोणाची मूर्ती नाही, फक्त नावे आहेत. त्या नावांपुढे मान झुकविण्यासाठी बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. नवी दिल्लीत २०१९ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतींवरही २५,००० हून अधिक हुतात्म्यांची नावे कोरली आहेत. राष्ट्राचा विधी असाच असावा: नाव, मौन आणि ध्वज.

म्हणून माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. पहिली गोष्ट, सैनिकाला स्वतःच्या उपासनेसाठी पूर्ण सोय मिळावी आणि त्यात बौद्ध सैनिकाचाही विचार व्हावा. आज भरतीच्या जाहिरातींत बौद्ध धर्मशिक्षकाची जागा येते ती महायान भिक्खूची आणि लडाख स्काउट्सपुरती. महाराष्ट्रातील बौद्ध जवानाची आठवणही तेथे असावी. दुसरी गोष्ट, पलटणीच्या धार्मिक कार्यक्रमाला नेत्याने उपस्थित राहावे, आदराने उभे राहावे; परंतु स्वहस्ते पूजा करण्याची सक्ती कोणावरही नसावी, आणि हे वरिष्ठाच्या मर्जीवर न ठेवता लेखी नियमात यावे. ३३ व्या कलमाने मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्या मर्यादेची मर्यादा ठरविणेही संसदेच्याच हाती आहे. तिसरी गोष्ट, राष्ट्राच्या नावाने होणाऱ्या समारंभात, मग ते विमान असो, जहाज असो वा तोफ असो, कोणत्याही धर्माची पूजा नसावी. आपल्याही नाही.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी सूचना आली होती. त्या सभेत ईश्वरावर श्रद्धा असणारे बहुसंख्य होते, तरीही ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती सूचना फेटाळली गेली. 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांत सर्व जण मावत होते आणि त्यांना कोणाला बाहेर ठेवायचे नव्हते. संविधान ज्यांच्या नावाने सुरू होते, सैन्यही त्यांच्याच नावाने उभे राहावे. आपल्या पूर्वजांना एकदा धर्माचाराच्या नावाखाली त्या रांगेतून बाहेर काढले गेले होते. पुन्हा कोणालाही, मग तो ख्रिस्ती असो, मुसलमान असो, नास्तिक असो वा बौद्ध, त्या रांगेतून बाहेर जावे लागू नये, यासाठी बोलत राहणे हे आपले ऋण आहे.



भवतु सब्ब मंगलम्! जय भीम! जय भारत!